लिंक कुणाच्या घरची

“...मग साइटची किल्ली माझ्याकडे द्यायला हरकत काय आहे, अय्या?”

अय्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठली किल्ली?”

“पासवर्ड. मठाच्या साइटचा. तो मास्तरांकडे आहे.”

“आहे की.”

“माझ्याकडे हवा.”

“का?”

विचारणारा होता विरूपाक्ष कोरे. पुण्यात नऊ वर्षं मोबाइलची ॲपं बनवून एके दिवशी नोकरीला रामराम ठोकला आणि कल्लेहाळच्या टेकडीवरच्या मठात येऊन राहिला. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. डोकं तल्लख. अडचण एवढीच, की ते तल्लख आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

अय्या म्हणजे मठाचे चन्नय्या स्वामी. वय ऐंशीच्या आसपास. नक्की किती ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांना निकडही नव्हती.

विरूपाक्षाला त्यांच्याकडून दीक्षा हवी होती. दोनदा मागून झाली होती. दोन्ही वेळा अय्या म्हणाले होते, “बघू.”

या खेपेला मात्र ते ‘बघू’ म्हणणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. कारण त्यानं मठाचं ॲप केलं होतं.

त्याचं असं, की दर सोमवारी मठात फुकट दवाखाना भरे. गडहिंग्लजहून दोन डॉक्टर येत. आजूबाजूच्या गावांतली माणसं आदल्या दिवशी फोनवरूनच नंबर लावत. नीळकंठ मास्तर व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवत. लोक ती दाबत, नाव आणि दुखणं लिहीत, की नंबर मिळे. ती साइट मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं केलेली. रंग पोपटी. वर ‘सुस्वागतम्’ ही अक्षरं इकडून तिकडे धावत असत. ती पाहिली की विरूपाक्ष तोंड फिरवी.

त्याचं ॲप देखणं होतं, यात शंका नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी चार गावं मठात लोटतात. तो सोमवार चार दिवसांवर आला होता. आठशे जणांनी ॲप आधीच फोनात घेतलं होतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर चालू करायचं आणि मग अय्यांपुढं उभं राहायचं, असा त्याचा बेत होता. टेकडीच्या पायथ्याशी फ्लेक्ससुद्धा लागला होता. ‘आजपासून मठ तुमच्या हातात!’ आणि त्याखाली, बारीक पण रस्त्यावरून वाचता येतील अशा अक्षरांत, ‘संकल्पना व निर्मिती : विरूपाक्ष कोरे’.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. लिंक दाबली की ॲप उघडायला हवं होतं, आणि उघडत होती मास्तरांची पोपटी साइट.

“तुझं ॲप फोनाला सांगत न्हाई का, ही लिंक माझी म्हणून?” अय्यांनी विचारलं.

“सांगतं की. ठणकावून सांगतं.”

“मग?”

“फोन ऐकत नाही. उद्या कुठलंही ॲप उठेल आणि म्हणेल, बँकेची लिंक माझी. म्हणून फोन ॲपच्या शब्दावर जात नाही. तो परस्पर साइटला विचारतो. साइटवर ठरलेल्या जागी एक चिठ्ठी असावी लागते. हे ॲप आमचं आहे, असं त्या चिठ्ठीत नावानिशी लिहिलेलं असेल, तरच लिंक ॲपमध्ये उघडते.”

“शहाणा आहे की फोन.”

विरूपाक्षाला हे फारसं रुचलं नाही.

“म्हणून म्हणतो, किल्ली द्या. दहा मिनिटांत चिठ्ठी ठेवतो. मास्तरांनाही तेवढाच आराम.”

“चिठ्ठी मास्तर ठेवील की.”

“त्यांना विचारावं लागेल.”

“मग?”

अय्यांनी आणखी एक शेंग फोडली.

विरूपाक्षानं पायाशी पडलेली टरफलं गोळा केली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तो दहा माणसांत मास्तरांना म्हणाला होता, “मास्तर, तुमची ही साइट बघून धडधाकट माणूसही आजारी पडेल हो!” सगळे हसले. मास्तरही हसले. त्यानंतर विरूपाक्ष त्यांच्या खोलीकडे फिरकला नव्हता. आता त्याच माणसाच्या दारात जाऊन ‘तुमच्या साइटवर माझं नाव लिहा’ म्हणायचं? त्यापेक्षा किल्लीच ताब्यात आली तर कुणापुढं मान वाकवायला नको.

“उद्या शुक्रवार,” अय्या म्हणाले.

“हो.”

“कोरान्न भिक्षेला माझ्याऐवजी तू जा.”

विरूपाक्षाचा कानांवर विश्वास बसेना. कोरान्न म्हणजे न शिजवलेलं, कोरडं धान्य. दर शुक्रवारी कल्लेहाळच्या सात घरांतून ते मागून आणायचं, अशी मठाची चाल. अय्या स्वतः जात, नाहीतर दीक्षा घेतलेल्या कुणालातरी धाडत. त्यानं मनात ताबडतोब हिशोब केला. झोळी मिळाली, म्हणजे दीक्षा आता हाताच्या अंतरावर आली.

“दारात काय म्हणू, अय्या?”

“मठाकडनं आलोय, म्हण.”

“एवढंच?”

“एवढंच.”

*

पहिलं घर गौरव्वाचं. ती अंगणात सडा घालत होती.

“मठाकडून आलोय,” विरूपाक्ष म्हणाला. आवाज खणखणीत होता.

गौरव्वानं कमरेवर हात ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं.

“कुणी सांगितलं?”

“मीच सांगतोय की.”

“तू सांगालास ते ऐकलं. मठानं सांगितलंय काय?”

“मठानं काय सांगायचं? मी मठातच राहतो. मी विरूपाक्ष.”

“ते मला म्हायती हाय. कोऱ्यांचा तू. फोनवाला. माझ्या फोनात ते मठाचं बटण तूच घातलंस न्हवं?”

“मग घाला की भिक्षा.”

“न्हाई घालता येत, बाळा.”

तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्याला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एक भगवेधारी गावात आला होता. मठाकडनं आलोय म्हणाला. दोन पोती जोंधळा घेऊन गेला, तो गेलाच. मठाला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हापासून गावानं ठरवलं, की आदल्या दिवशी मठानं पारावर नाव सांगायचं, उद्या अमका येतोय म्हणून. नाव आलं तर भिक्षा, नाहीतर नाही.

“आणि काल कुणी काय सांगितलं न्हाई,” गौरव्वा म्हणाली.

“पण तुम्ही मला ओळखता!”

“तोंड ओळखीचं हाय रे. पण भिक्षा काय तोंडाला घालत्यात? मठाला घालत्यात.”

विरूपाक्ष वळला.

“अन् चाललास कुठं? चहा घे. चहा माझा हाय, त्याला कुणाला विचारायला नगो.”

दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरात तर त्याच्या शाळेतला सोबतीच निघाला. त्यानं गळ्यात गळा घातला, पुण्याची चौकशी केली, पण जोंधळ्याच्या कणगीला हात लावला नाही.

सहाव्या घरी विरूपाक्षाचा तोल गेला.

“मी मठाचा आहे! मठाचा! दीड वर्ष तिथं राहतोय!”

घरातल्या म्हाताऱ्यानं कानामागे हात धरून शांतपणे ऐकून घेतलं.

“आसं वरडून कोण मठाचं हुतंय व्हय, बाबा?”

आणि त्यानंही आत चहा टाकायला सांगितला.

*

दुपारी विरूपाक्ष टेकडी चढून आला आणि त्यानं झोळी अय्यांपुढं टाकली. रागानं त्याचा चेहरा लाल झाला होता.

“किती घरं झाली?”

“सात.”

“काय मिळालं?”

“सात कप चहा.”

अय्या हसायला लागले. इतके हसले, की ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. विरूपाक्षानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

“पारावर तुम्ही नाव सांगितलंच नव्हतं.”

“न्हवतं.”

“विसरलात?”

“न्हाई.”

“लोकांपुढं माझी शोभा केलीत, अय्या.”

“चहा चांगला होता का?”

विरूपाक्ष ओट्याच्या कडेला जाऊन बसला. रिकामी झोळी त्याच्या मांडीवर होती. ऊन उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही. फोनाच्या वागण्याचं वर्म तो काल अय्यांना समजावून सांगत होता, आणि आज तेच वर्म गौरव्वानं त्याला अंगणात उभं करून समजावलं होतं. इतकं न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण कळलेलं खाली उतरायला एक रात्र गेली.

*

शनिवारी सकाळी तो मास्तरांच्या दारात उभा राहिला.

नीळकंठ मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांचा संगणक होता आणि त्यावर घरी भरतकाम केलेला रुमाल घातलेला असे. मास्तर तो रुमाल रोज घडी करून ठेवत आणि मगच कामाला बसत.

“शरणार्थी, मास्तर,” त्यानं मठातल्या रीतीनं नमस्कार केला.

“शरणार्थी. ये की. बाहेर का उभा?”

पुण्यात चाळीस माणसांच्या बैठकीत तो फाडफाड बोलत असे. इथं एका खुर्चीपुढं उभं राहून त्याला एक वाक्य सुचेना.

“मास्तर... तुमच्या साइटवर एक चिठ्ठी ठेवायची होती. माझ्या ॲपच्या नावाची.”

“अरे, मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस? मी वाटच बघत होतो!”

मास्तरांनी खणातून एक कागद काढला. चिठ्ठी कशी लिहायची, कुठं ठेवायची, सगळं त्यांनी कुठून कुठून वाचून सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं. कागदाच्या घड्यांवरून तो बरेच दिवस खणात असावा.

“हं, नाव सांग. वरचं नको, आतलं सांग.”

ॲपला दोन नावं असतात. वरचं नाव चित्राखाली दिसतं आणि ते वाटेल तेव्हा बदलता येतं. आतलं नाव लोकांना दिसत नाही. ते फोन वाचतो. पत्ता लिहिताना आपण माणसापासून गावाकडे जातो. हे नाव उलटं जातं. आधी घराणं, मग त्या घराण्याच्या आतलं पोर. आणि एकदा का ॲप स्टोअरमध्ये गेलं, की ते नाव जन्माला चिकटतं. ते कुणालाही बदलता येत नाही.

विरूपाक्षाच्या ॲपचं वरचं नाव होतं ‘कल्लेहाळ मठ’.

“आतलं नाव...” तो थांबला.

“सांग की.”

“कॉम. मग टिंब. मग... विरूकोरे. मग टिंब. मग मठ.”

मास्तर एका बोटानं टंकत होते. बोट थांबलं.

“म्हणजे आधी तू, आणि तुझ्या आत मठ?”

त्यांनी हे शाळेत गणिताची रीत पडताळून पाहावी तसं विचारलं. आवाजात कुठंही टोमणा नव्हता.

“...हो.”

“बरं.”

आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

“आता अंगठा,” मास्तर म्हणाले.

ॲपचा अंगठा म्हणजे त्याची ओळख पटवणारा ठसा, आकडे आणि अक्षरं यांच्या बत्तीस जोड्या. विरूपाक्ष वाचत गेला, मास्तर लिहीत गेले. पंखा कुरकुरत होता. शेवटची जोडी झाली तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसला.

“परत पहिल्यापासून वाच.”

“बरोबर आहे, मास्तर. मी बघत होतो.”

“वाच रे. एक अक्षर चुकलं तर तुझं उघडायचं नाही.”

विरूपाक्षानं पुन्हा वाचायला सुरुवात केली. सतराव्या जोडीला तो चुकला आणि मागे आला. मास्तर घालूनपाडून बोलले असते, तर त्याला उत्तर देता आलं असतं. उत्तरं त्याच्याकडे नेहमीच तयार असत. पण हा म्हातारा त्याचं नाव चुकू नये म्हणून डोळे ताणत होता. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

चिठ्ठी जागेवर गेली. विरूपाक्षानं स्वतःच्या फोनातलं ॲप काढून पुन्हा घातलं आणि लिंक दाबली.

ॲप उघडलं.

“उघडलं की रे!” मास्तरांनी टाळी वाजवली. “काय सुरेख केलंयस! माझं पोपटी ते अगदीच... नाही का?”

“नाही, मास्तर,” विरूपाक्ष म्हणाला.

*

संध्याकाळी तो अय्यांपुढं बसला.

“उघडलं, अय्या.”

“बरं झालं.”

“मास्तरांनी चिठ्ठी ठेवली. दोनदा पडताळून.”

“मास्तर तसाच आहे.”

“अय्या, नाव चुकीचं आहे.”

“मास्तरानं चुकीचं लिहिलं?”

“नाही. मी चुकीचं ठेवलं. वर मठ लिहिलंय, आणि आत... आधी मी आहे.”

“मग दुरुस्त कर.”

“ते दुरुस्त होत नाही. बदलायचं तर अख्खं ॲप टाकून द्यावं लागेल. नवीन करायचं, नव्या नावानं. आठशे लोकांनी हे घेतलंय, त्यांना ते काढायला सांगावं लागेल. नवं स्टोअरमध्ये जायला आठवडा तरी लागेल.”

“मग ऱ्हाऊ दे.”

विरूपाक्षानं चमकून वर पाहिलं.

“राहू देऊ?”

“कुणाला दिसतंय आतलं नाव?”

“कुणालाच नाही.”

“मग झालं तर.”

अय्यांनी डोळे मिटले. खाली गावातून म्हशी परतत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या लोढण्यांचा आवाज येत होता.

“मला दिसतंय,” विरूपाक्ष शेवटी म्हणाला.

अय्यांनी डोळे उघडले नाहीत.

“पण टाकून दिलं तर सोमवारी दाखवायला काही राहणार नाही, अय्या.”

“कुणाला दाखवायला?”

विरूपाक्ष उठला. त्यानं नमस्कार केला आणि खोलीत जाऊन संगणक उघडला. स्टोअरमधून ॲप मागे घ्यायला तीन बटणं लागली. प्रत्येक बटणाला संगणक त्याला विचारत होता, नक्की ना? तिन्ही वेळा त्यानं ‘हो’ म्हटलं. दीक्षेचं आपलं दारही आपणच ओढून घेतलं, असं त्याला वाटलं.

*

रविवारी उजाडताच तो पायथ्याशी गेला. फ्लेक्सच्या सुतळ्या सोडल्या, गुंडाळी केली. वाटेनं शेताकडे निघालेल्या गौरव्वानं विचारलं, “का रं, काढालास?”

“अजून मठ कुणाच्या हातात यायचाय,” विरूपाक्ष म्हणाला. गौरव्वाला त्यातलं काही कळलं नाही. तिनं फ्लेक्स गोठ्यावर घालायला मागून घेतला.

मग तो मास्तरांकडे गेला.

“मास्तर, कालची चिठ्ठी काढा.”

“काढू? का रे, उघडत होतं की!”

“नवीन करतोय. आतल्या नावात आधी मठाची साइट येईल, मग ॲप. तुमच्या साइटचं नाव पुढं लावू का? हे विचारायला आलोय.”

“मला काय विचारतोस?”

“घर तुम्ही बांधलंय.”

रुमालाची घडी मास्तरांनी उगीचच उलगडली आणि पुन्हा घातली. मग चिठ्ठी काढली.

दोघांनी मिळून आठशे लोकांना निरोप धाडला, की आधीचं ॲप काढून टाका, नवं येईल तेव्हा कळवू. दुपारी मास्तरांनी नेहमीसारखी लिंक पाठवली. संध्याकाळपर्यंत साडेतीनशे नंबर लागले. सगळे पोपटी साइटवरून, ‘सुस्वागतम्’ डोक्यावरून धावत असताना.

*

सोमवारी चार गावं लोटली.

दवाखान्याच्या दाराशी टेबल टाकून विरूपाक्ष मास्तरांशेजारी बसला होता. ज्यांना लिंक दाबता येत नव्हती त्यांची लिंक तो दाबून देई, नाव विचारी, दुखणं विचारी. गुडघे, दमा, डोळे, कानात किडा गेलेलं एक मूल. एका आजोबांच्या फोनाची काच इतकी फुटलेली होती, की साइट कुठली आणि तडे कुठले ते कळेना. तरी नंबर लागला.

सुरुवातीला त्याचे कान टवकारलेले होते. कुणीतरी विचारील, ते नवं ॲप कुठं गेलं म्हणून. मग आपण काय सांगायचं, हेही त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. साधं, नम्र, चार वाक्यांचं.

दहा वाजले. अकरा वाजले. गौरव्वा आली, नंबर घेतला, गुडघे दाखवून गेली. शाळेतला सोबती आला, आईला घेऊन. ज्यांच्या फोनात विरूपाक्षानं स्वतःच्या हातानं ॲप घातलं होतं, असे निदान पन्नास जण तरी त्याच्यासमोरून गेले. लिंक दाबली, उघडली, नंबर आला, गेले.

बारा वाजता तो कान टवकारायचं विसरला. कारण कानात किडा गेलेलं मूल डॉक्टरांना हात लावू देत नव्हतं आणि त्याला मांडीवर घट्ट धरून बसायचं काम विरूपाक्षाकडे आलं होतं. किडा निघाला. मूल त्याच्या सदऱ्यावर ओकलं.

तीन वाजता शेवटचा माणूस गेला. विरूपाक्षानं नळावर सदरा धुतला, ओलाच अंगात घातला आणि अय्यांच्या ओट्याकडे गेला.

ओटा दवाखान्याच्या वाटेवरच होता. सकाळपासून सगळी माणसं त्याच वाटेनं गेली होती. कुणी थांबून पाया पडलं होतं, पुष्कळ जण दुखणारं अंग सावरत तसेच पुढं निघून गेले होते. अय्या काळ्या घोंगडीवर बसून होते. त्या घोंगडीवर त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बसलेलं गावानं पाहिलेलं नव्हतं.

विरूपाक्ष खाली, पायरीवर बसला.

दीक्षेचं विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. मनात दुसरंच घोळत होतं, आणि ते सांगताना त्याला हसू आवरेना. थोडं दुखतही होतं, पण हसू जास्त होतं.

“अय्या, साडेतीनशे माणसं आली. एकानं... एकानंही विचारलं नाही हो, ॲपचं काय झालं म्हणून!”

अय्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ओला सदरा, थकलेले डोळे, हसरं तोंड.

मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, जरा बाजूला सरकले आणि घोंगडीवर जागा केली.

“वर ये, बस. चाळीस वर्षं झाली इथं बसून, विरू. मला तरी अजून कुणी कुठं विचारलंय?”